मागून वार आमच्यात नाही

...आणि वर आमची ही मलाच विचारते, 'अहो, तुम्ही त्या राक्षसापुढं वाकलात कशाला?' कशाला म्हणजे काय! समोर प्रतिस्पर्धी उभा, आपण तलवार घेऊन उभे, मग आधी नमस्काराला वाकायचं नाही? नुसतं धावून जायचं? आपण काय कुत्री आहोत? तुम्हाला सांगतो, चाळीस वर्षं तलवार धरलीय या हातांनी! बांबूची असेना, पण तलवार! या आख्ख्या त्सुरुओका गावात केंदो, म्हणजे तलवारबाजी, शिकवणारा मी एकटा, दर रविवारी पोरं रांगेत बसून 'इगाराशी गुरुजी' म्हणून जमिनीला कपाळ टेकतात, आणि मला, मला विचारते, वाकलात कशाला!

नाही, पण मुळात मी त्या भानगडीत पडलोच का, ते ऐका. मी झालो निवृत्त. पाणीखात्यात होतो. आता घरी. आणि घरी काय? शांतता! आमची ही, म्हणजे फुमिए, दिवसभरात बोलते किती, तर 'जेवण झालंय', 'आंघोळीचं पाणी गरम आहे', आणि 'पाय उचला, झाडायचंय.' संपलं! पण गुरुवारी दुपार झाली की ओठ रंगवून निघते स्टेशनसमोरच्या हॉटेलात. कुणाबरोबर? ओकुदेराबाईंबरोबर, त्या सार्वजनिक न्हाणीघराच्या मालकीणबाई, वय चौऱ्याहत्तर! आणि औषधाच्या दुकानातल्या त्सुकामोतोबाई! एकदा एका पेयाचे पैसे भरले की मशिनीतून हवं तेवढं प्यायचं, म्हणून संध्याकाळपर्यंत टेबल अडवून करतात काय तर... शिकार! हातातल्या त्या गेमवर! राक्षस मारतात हो या बायका!

मी एकदा सहज त्या हॉटेलावरून चाललो होतो. सहज म्हणजे... बरं, मुद्दाम. तर काचेतून पाहतो तो आमची ही हसतेय! तोंडावर हात नाही, काही नाही, मान मागं टाकून हसतेय! हे हसू मी घरात पाहिलेलं नाही. मला हेवा वाटला. माणसाचा नव्हे हो, टेबलाचा!

त्यात चौथ्या हामानोबाई मुलाकडं कोबेला गेल्या आणि खुर्ची रिकामी झाली. शिकारीला चारच जण घेता येतात. म्हटलं, मी येतो! आमची ही माझ्याकडं पाहतच राहिली. ओकुदेराबाई म्हणाल्या, 'तीन गुरुवार पाहू. नाही जमलं तर पोस्टातल्या नोनाकाबाई आहेत. तिरंदाजी फार छान त्यांची.' म्हणजे मी उमेदवारीवर! आणि नोनाकाबाई तिन्ही गुरुवार शेजारच्या टेबलावर हजर! आइस्क्रीम खायला म्हणे! पर्समध्ये गेम चार्ज करून आणलेला!

तर हत्यारं. हत्यारं किती प्रकारची म्हणता? मोजूच नका. ओकुदेराबाईंचा हातोडा, त्सुकामोतोबाईंचा भाला आणि दारासारखी ढाल, आमच्या हिच्या दोन्ही हातांत दोन सुऱ्या. घरी भाजी चिरते तशीच चिरते, फक्त जोरात. मी उचलली लांब तलवार. विचार करायचा प्रश्नच नव्हता. चाळीस वर्षं तलवार धरली हो मी!

पहिला गुरुवार. समोर आली एक शिंगवाली घोरपड, एवढी, बसएवढी! मी रीतसर उभा राहिलो. त्या गेममध्ये वाकायचं बटण असतं. म्हटलं, वा! दाबलं. आमचा शिकारी कमरेत वाकला... तो परत सरळ झालाच नाही. आडवा! मग येतात दोन कोल्हे हातगाडी घेऊन, तुम्हाला गाडीवर घालतात आणि तळावर नेऊन पोत्यासारखं ओततात. आणि नियम काय? चौघांत मिळून तीनदा गाडी आली की सगळ्यांची शिकार बुडाली. सगळ्यांची! माझ्या एकट्याची नाही!

आता मला सांगा, आपल्यामुळं दुसऱ्यांचं नुकसान झालं तर आपण काय करतो? माफी मागतो. आणि हातात काही धरून माफी मागतो का? नाही! मी गेम टेबलावर ठेवला, दोन्ही हात मांडीवर, आणि तिघींपुढं नीट वाकलो. 'फार त्रास दिला, क्षमा करा.' मान वर करतो तो... कोल्हे! मी वाकलेलो असताना घोरपड तळाच्या तोंडाशीच येऊन मला चिरडून गेली! दुसऱ्यांदा! आता दुसऱ्यांदा झालं म्हणजे माफी जास्त खोल मागायला नको? मी उठून उभा राहिलो, पुन्हा वाकलो, कपाळ मेलन सोड्याच्या ग्लासाला लागलं... 'गुरुजीऽऽ, वाकू नका!' ओकुदेराबाई किंचाळल्या, पण मी अर्धा खाली गेलेलो होतो! तिसरी गाडी! शिकार खलास! याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण! आणि शेजारच्या टेबलावर नोनाकाबाई चमचा चाटतायत!

मी म्हटलं, ही बटणंच चुकीच्या जागी आहेत. ओकुदेराबाई म्हणाल्या, 'बरोबर. नाचता येईना, अंगण वाकडं.'

दुसऱ्या गुरुवारी वाकलो नाही. मनावर दगड ठेवला. पण बाई म्हणतात, 'गुरुजी, शेपटीवर मारा!' मी आपला निघालो वळसा घालून राक्षसाच्या तोंडाकडं. 'अहो, तिकडं कुठं चाललात?' म्हटलं, समोर जातो. मागून वार आमच्यात नाही! 'अहो गुरुजी, शेपूट मागेच असते!' हे काय उत्तर झालं? बरं, मी समोर जाईपर्यंत तो फिरायचा, मग मी पुन्हा वळसा, तो पुन्हा फिरायचा, असे आम्ही दोघं एकमेकांभोवती फेर धरल्यासारखे! शेवटी एक घाव घातला, दणदणीत, आणि जोशात उभं राहून ओरडलो, 'मेनऽऽ!' डोक्यावर वार केला की असं ओरडायचंच असतं, नाहीतर गुण नाही! आख्ख्या हॉटेलातले चमचे थांबले. वेट्रेस पाण्याचा ग्लास ठेवून गेली. आणि घाव लागला कुणाला? त्सुकामोतोबाईंना! लांब तलवार फिरली की शेजारचा माणूस पडतो. त्या औषध पीत होत्या, औषध सांडलं. मी प्यायला गेलो तर आमचा शिकारी औषध पितो आणि मग दंड फुगवून दाखवतो! राक्षस समोर, आणि हा दंड दाखवतोय! कुणाला? पुन्हा कोल्हे.

त्या संध्याकाळी घरी आलो. दारात चपला काढताना ही म्हणाली, 'नोनाकाबाईंना सांगावं लागेल.' मी म्हटलं, दुसरं काहीही हत्यार दे. काहीही! तिनं जरा विचार केला आणि दिलं काय? शिंग! फुंकायचं शिंग! मागं उभं राहून वाजवायचं, म्हणजे बाकीच्यांची जखम भरते, अंगात जोर येतो. जड असतं, वेळ पडली तर हाणताही येतं. पण शिंग! लग्नाच्या वरातीतला वाजंत्री! चाळीस वर्षं तलवार धरली हो मी!

वाजवलं. काय करता!

तिसरा गुरुवार. दोन गाड्या झालेल्या. एक माझी, आणि एक, ऐका हं, ओकुदेराबाईंची! मी फक्त ग्लासात पाहून हसलो. आता आणखी कुणी पडलं की संपलं. आणि पडायला आली कोण? आमची ही! तिचा शिकारी लंगडतोय, औषध संपलेलं, घोरपड तिच्यावर पाय उचलून उभी, आणि मी? मी बरोबर शेपटीपाशी! समोरून जायचं तर आख्खा वळसा. वेळ नाही. ही स्क्रीनवरून नजर न काढता हळूच म्हणाली, 'अहो...' एवढंच. आणि मी हाणलं! मागून! शिंगानं! शेपटीवर! देव मला क्षमा करो, अजून दोनदा हाणलं! ती घोरपड वळली माझ्याकडं, ही उठली, आणि मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं, मागून वार केला मी, की माझे हात आपोआप गेम खाली ठेवायला लागले... ओकुदेराबाईंनी टेबलावरून झेप घेऊन माझी दोन्ही मनगटं धरली! 'वाकू नका! अजून मेली नाहीये ती!'

मग मेली. हिच्याच सुऱ्यांनी.

खुर्ची मिळाली मला. अटींवर! तलवारीला हात लावायचा नाही. शिंग वाजवायचं. शिकारीआधी चौघांचं मांस मीच भाजायचं, गेममध्ये हो, सळईवर, गाणं वाजतं, गाणं संपलं की चटकन काढायचं, उशीर झाला की कोळसा. आणि सगळ्यांचे ग्लास भरून आणायचे. नोनाकाबाईंचाही! त्या अजून शेजारी बसतात. न जाणो म्हणून.

सोमवारी आमची ही म्हणते, 'मांस भाजता ना? मग आज बांगडा तुम्ही भाजा.' मी उभा राहिलो जाळीसमोर. कधी काढायचा कुणाला ठाऊक! म्हणून ते गेममधलं गाणं म्हणायला लागलो. गाणं संपलं, काढला, तर कोळसा! आणि पाठीमागून... हसली! मान मागं टाकून, तेच गुरुवारचं हसू, सोमवारी, माझ्या घरात! मी तो आख्खा करपलेला मासा काट्यासकट खाल्ला. इतका आनंद झाला होता मला!

म्हणून मंगळवारी मुद्दाम करपवला. गाणं दोनदा म्हटलं. धूर हा एवढा! आणि वाट पाहत उभा राहिलो. तर आतून काय आवाज आला?

'अहो, खिडकी उघडा.'

चाळीस वर्षं तलवार धरली हो मी... उघडली.