चार तास दहा मिनिटं

(दुपार. फोनवर भाऊ हॉस्पिटलच्या व्हरांड्यातून. बहीण परदेशातून, ज्या घरी एका आजोबांना सांभाळायला नोकरीला आहे, तिथल्या बाथरूममधून.)

भाऊ : नाही ताई, आईला फोन नाही देता येणार. तू विमानात आहेस.

बहीण : मी बाथरूममध्ये आहे!

भाऊ : हळू बोल ना. सकाळी मीच सांगितलं तिला, निघाली म्हणून. लेक आल्याशिवाय ऑपरेशनच्या कागदावर सही करणार नाही, हाच धोशा लावला होता तिने. मग काय करू? मोबाईलवर बघितलं. तीन हजार किलोमीटर, चार तास दहा मिनिटं. ठोकून दिलं.

बहीण : शहाणाच आहेस! आता पाच तास झाले त्याला.

भाऊ : तेच ना. एकदा घड्याळ, एकदा खिडकी, एवढंच चाललंय तिचं. उतरली का, बॅग मिळाली का, गाडीत बसली का... आणि डॉक्टर म्हणतात, आतड्याला पीळ पडलाय, संध्याकाळच्या आत ऑपरेशनला घ्यायलाच हवं. तू सुटी नीट मागितलीस ना?

बहीण : नीट? पाया पडले मॅडमच्या. म्हणे, बदली बाई आण आणि जा. मी कुठून आणू? पासपोर्ट तिच्या कपाटात, किल्ली तिच्या पर्समध्ये. आजोबा रस्त्यावर पळतात म्हणून जाताना दाराला बाहेरून कुलूप घालते. आत आम्ही दोघं.

भाऊ : बाहेरून कुलूप? हे कधी बोलली नाहीस.

बहीण : बोलून काय झालं असतं? तुम्ही तिकडे रडत बसला असता. आले, आजोबा, आले! दार नका वाजवू! ...दे आईला.

भाऊ : काय सांगणार आहेस?

बहीण : खरं ते. माझी वाट बघत बघत ती गेली, तर जन्मात तोंड बघणार नाही तुझं. दे म्हणते ना!

भाऊ : (आत खाटेपाशी जाऊन) आई... ताई आहे फोनवर.

आई : उतरलीस का गं?

बहीण : नाही आई. निघालेच नाही. हा खोटं बोलला. मला सोडत नाहीत इथून.

आई : म्हणजे मी सकाळपासून उगाच खिडकीतून आभाळ बघतेय.

बहीण : रडू नकोस ना.

आई : मी कुठे रडतेय? तूच रडतेयस. जेवलीस का?

बहीण : आजोबांना भरवलं की जेवते.

आई : आणि कधी सोडणार ती बाई?

बहीण : करार संपला की. एक वर्ष सात महिने.

आई : अगं बाई.

बहीण : आई? ऐकतेयस ना? आई!

आई : थांब जरा. ...अरे, इकडे ये, तोंड पाडून उभा राहू नकोस. तो कागद आण, पेन आण. एवढं थांबायचं तर हे पोट दुरुस्त करून घ्यायला हवं.