अठ्ठ्याहत्तर नंबरचं नाव घेऊ नका

...नाही, नाही, टीव्हीवर नाव येऊच नये, हेच तर मी त्या शनिवारी घरभर सांगत फिरत होते, पण ऐकतंय कोण? तुम्हाला सांगते, जगातल्या बाकीच्या आया पोराचं नाव टीव्हीवर यावं म्हणून देव पाण्यात घालून बसतात, आणि मी एकटी अशी, की हात जोडून म्हणतेय, बाबा रे, माझ्या पोराचं नाव आज कुणाच्या तोंडी येऊ देऊ नकोस. वेडी नाही हो मी. आमचा गॅरेट लाइनमन आहे. म्हणजे फुटबॉलमध्ये तो चेंडू फेकणारा असतो ना, क्वार्टरबॅक, सगळ्या पोरी ज्याच्यासाठी किंचाळतात तो, त्याच्यापुढे पाच धिप्पाड माणसं भिंतीसारखी उभी असतात आणि समोरून चाल करून येणाऱ्यांना अंगावर घेतात. त्या पाचांतला डाव्या टोकाचा आमचा. आणि तोही मुख्य नव्हे, राखीव. मुख्य माणूस दमला, लंगडला, तर हा. आता भिंतीचं काय असतं? उभी आहे तोवर तिच्याकडे कोण बघतं? लाइनमननं तीन तास चोख काम केलं तर त्याचं नाव कुणी चुकूनसुद्धा घेत नाही. मग कधी घेतात? चुकला की घेतात. लगेच घेतात. वर तीन-तीनदा दाखवतात, त्याच्याभोवती गोल काढून.

म्हणून आमच्या घरात सामना बघायची रीतच वेगळी. चेंडूकडे बघू नका. चेंडू गेला उडत, अठ्ठ्याहत्तर नंबरकडे बघा, त्याच्या पायांकडे बघा, आणि नाव नाही आलं ना? मग झालं तर. ही रीत माझ्या नवऱ्याची, रेजिसची. तो स्वतः शाळेत असताना याच जागेवर खेळायचा. माझी सासू शेवटपर्यंत म्हणायची, "तीन वर्षं मेला पेपर विकत घेतला, याचं नाव एकदा छापून आलं नाही. रेजिस, खरं सांग, खेळायचास ना? की पुलाखाली सिगारेटी ओढत बसायचास?" रेजिस काय सांगणार? तो मुळातच बोलत नाही. पोराचा खेळ बघताना त्याच्या तोंडून दोनच गोष्टी निघतात. चांगलं झालं तर "बरा". वाईट झालं तर तेही नाही, नुसता श्वास सोडतो. बावीस वर्षांत त्या पोराला "बरा"च्या वर काही मिळालेलं नाही, आणि पोरगं त्यावरच सहा फूट सहा इंच वाढलंय.

तर त्या शनिवारचा सामना. ऑगस्टातले हे सामने सरावाचे, त्यांची हारजीत कुणी धरत नाही. पण आमच्यासारख्यांचं सगळं त्यातच ठरतं हो. संघ नव्वद पोरं गोळा करतो आणि मंगळवारपर्यंत त्रेपन्न ठेवतो. बाकीच्यांना निरोप जातो, सामान घेऊन साहेबांना भेट. गेल्या वर्षी गॅरेटला दुसऱ्या एका संघानं असाच निरोप दिला होता. आमच्या दारात गाडी लावली आणि तासभर गाडीतच बसून राहिला. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. जाऊ का, नको जाऊ... शेवटी रेजिस गेला आणि शेजारच्या सीटवर नुसता जाऊन बसला. या वेळी तरी तसं होऊ नये, एवढंच माझं मागणं होतं. जागा एकच उरली होती. एक तर आमचा, नाहीतर त्याच जागेवर खेळणारा दुसरा एक पोरगा. म्हटलं, आपण दोघं शांत बसून बघू, दार लावून.

शांत? दुपारी बारालाच माझी थोरली नणंद, बर्नडीन, अख्खी मंडळी घेऊन हजर. चुलत, मावस, चर्चमधल्या चारजणी, एक केक, त्यावर निळ्या साखरेत अठ्ठ्याहत्तर, पिएरोगींचा, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्यांचा, हा मोठा ट्रे, वर कांदा परतून. आणि बसली कुठे? बरोबर टीव्हीसमोर. सामना सुरू झाला आणि बाईंचं चालू, "आला का? कुठाय? दिसत का नाही?" म्हटलं, "बर्नडीन, पहिला अर्धा मुख्य खेळाडूंचा. आपला नंतर." "मग आत्ता ही दुसऱ्यांची पोरं का बघतोय आपण?"

अर्धा सामना झाला आणि तो आला. पाठमोरा दिसला, गळ्यापर्यंत शर्ट ताणलेला, चालायची ढब हुबेहूब रेजिसची. समोर कोण, तर एक्याण्णव नंबरचा. असा मोठा, की आमच्या तळघरातल्या डीपफ्रीझरला पाय फुटलेत आणि तो पळत अंगावर येतोय असंच वाटावं. पहिलाच डाव. चेंडू गेला लांब, कुणीतरी झेलला, खोलीत सगळे उठून नाचायला लागले, आणि मी त्यांच्या पायांमधून वाकून विचारतेय, "रेजिस, पाय बघितलेस? पाय?" रेजिस म्हणाला, "बरा." दुसरा डाव, "बरा." तिसऱ्याला आमच्यानं त्या डीपफ्रीझरला असं दाबलं की तो खाली बसला. रेजिस म्हणाला, "हं, बरा." 'हं' म्हणाला हो! मी लग्नात ऐकला होता तो 'हं', त्यानंतर आत्ता.

पण बर्नडीनचं तोंड एवढंसं. "पॉलेट, याचं नावच कुणी घेत नाही गं. त्या झेलणाऱ्या काडीपैलवानाचं दहादा घेतलं. आपला तिथे हमाली करतोय आणि नाव त्याचं?" म्हटलं, "अगं, तेच चांगलं. चेंडूकडे बघू नका. नाव नाही आलं ना? मग झालं तर." तिनं माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच पोराची सावत्र आई. मग माझ्या मांडीवर थोपटून म्हणते, "तू नको काळजी करूस. मी केलीय सोय."

"सोय?"

"साखळी लावलीय."

तुम्हाला सांगते, माझ्या हातातली ताटली कलंडली. आमच्या चर्चमध्ये प्रार्थनेची साखळी असते. कुणाचं ऑपरेशन असलं, कुणाचं बाळ अडलं, की एकीनं दुसरीला फोन करायचा, दुसरीनं तिसरीला, आणि सगळ्याजणी आपापल्या घरी जपमाळ घेऊन बसतात. तशी साखळी. चोवीस बायका. मी म्हटलं, "कशासाठी जपतायत?" तर म्हणते, "कशासाठी म्हणजे? टीव्हीवर गॅरेटचं नाव यावं म्हणून."

चोवीस बायका! गुडघ्यांवर! माझ्या पोरानं चूक करावी म्हणून!

म्हटलं, "बर्नडीन, थांबव. आत्ताच्या आत्ता थांबव." "प्रार्थना मध्येच थांबवतात होय? शोभतं का हे तोंडाला?" मग मी हात जोडले, डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा कुठे तिनं फोन उचलला आणि साखळीतल्या पहिलीला, फिलोमिनाला लावला. आणि बोलली काय? ऐका. "फिलोमिना, गॅरेटचं जपू नका आता... नाही, नकोच... का म्हणजे काय सांगू गं, पॉलेटच नको म्हणते... हो, इथेच आहे... रडतेय." ठेवला फोन. मी म्हटलं, एवढंच? म्हणे, "साखळीत जास्त बोलत नाहीत. पुढचीचा फोन अडकतो."

पुढचं तुम्हीच ओळखा. इकडे पोरगा खेळतोय, "बरा", "बरा", आणि तिकडे दारावरची बेल वाजली. दार उघडलं तर फिलोमिना, हातात झाकलेलं भांडं, आत हॅम आणि बटाटे, वरून चीज. आमच्याकडे कुणाचं काही वाईट झालं की हेच घेऊन येतात. काही विचारलं नाही तिनं, भांडं रेजिसच्या हातात दिलं आणि मला कवटाळलं. कानात म्हणते, "धीर धर. कुठला पाय?" "कसला पाय?" "मग पाठ? देवा रे, पाठ का गं?" म्हटलं, "अगं, काही झालं नाही त्याला, तो बघ खेळतोय." पण ती बघेल तर ना, तिनं डोळे गच्च मिटलेले. आणि सोडेना. मी तिच्या खांद्यावरून मान काढून तेवढ्यातल्या तेवढ्यात पाय बघतेय, रेजिस हॅमचं भांडं छातीशी धरून उभा, आणि पुन्हा बेल. दुसरी बाई. पुन्हा हॅम आणि बटाटे. तिसरी आली ती नूडल्स घेऊन, तिला बातमी पोचेपर्यंत पोरगा दवाखान्यात होता. आणि साखळीचं काय झालं होतं? थांबली? छे हो. पोरगा जायबंदी झाला म्हटल्यावर बायकांनी पहिल्यापासून, दुप्पट जोरानं सुरू केली.

शेवटची चार मिनिटं. मी मनात म्हणतेय, चारच मिनिटं रे राजा, चारच. आणि तो डाव आला. चेंडू मागे गेला. मी पाय बघत होते म्हणून मला सगळ्यांच्या आधी दिसलं. डावा पाय उशिरा पडला, अर्धा क्षण. तो एक्याण्णव बाहेरच्या अंगानं वळसा घालून निसटला. मागे आमचा फेकणारा उजवीकडे बघत उभा, त्याला पत्ताच नाही की पाठीवर काय येतंय. आणि माझ्या पोरानं काय केलं, तर त्या डीपफ्रीझरचा शर्ट मागून मुठीत धरला आणि चक्क खाली बसला. चेंडू तिकडे चाळीस यार्ड गेला, झेलला, खोलीत जल्लोष... आणि मला फक्त गवतावर पडलेला पिवळा रुमाल दिसत होता, चूक पकडली की पंच टाकतात तो.

शिट्टी. पंच कॅमेऱ्याकडे तोंड करून म्हणाला, धरलं, अठ्ठ्याहत्तर नंबर. चाळीस यार्ड रद्द, वर दहा दंड. आणि मग टीव्हीवरचा माणूस, स्वच्छ, खणखणीत आवाजात, "गॅरेट हुडाक." पुन्हा दाखवलं. "गॅरेट हुडाक." गोल काढून पुन्हा. "हा गॅरेट हुडाक."

घर डोक्यावर घेतलं हो सगळ्यांनी. बर्नडीन माझे मुके घेतेय, कुणीतरी केक कापला, फिलोमिनानं शेवटी डोळे उघडले आणि म्हणते, "उभा आहे, पॉलेट, आपल्या पायांवर उभा आहे," आणि ढसाढसा रडायला लागली. रेजिसनं श्वास सोडला. हॅमचं भांडं टेबलावर ठेवलं आणि गॅरेजमध्ये निघून गेला. मी तिथेच बसले, हातात निळ्या साखरेचा आठ.

रविवारी पोराचा फोन नाही. सोमवारी नाही. मी दर तासाला खिडकीशी, दारात गाडी तर नाही ना लागली. रेजिसला म्हटलं, काहीतरी बोल. तो म्हणाला, "पाय उशिरा पडला." एवढं बोलला, दोन दिवसांत.

मंगळवारी जेवायच्या वेळेला फोन वाजला. "आई." मी म्हटलं, "ये घरी, राजा, हॅम आणि बटाटे ढीगभर आहेत." तो म्हणाला, "आई, राहिलो मी. ठेवलं मला." मला खुर्ची सापडेना. म्हणाला, "कोचनी तो डाव सगळ्यांसमोर दाखवला. मला वाटलं, संपलं. म्हणाले, याचे पाय गाढवाचे आहेत, पण हात बघा. नाहीतर मागच्या फेकणाऱ्याची मान मोडली असती. मग हंगाम काय मी तुमच्या आज्यांना घेऊन खेळू? दहा यार्ड मी माझ्या खिशातून देतो." आणि तो दुसरा पोरगा? मध्ये काही डाव त्यालाही दिले होते, पण त्याचं नाव अख्ख्या सामन्यात एकदाही आलं नव्हतं. नियमानं वागला, कुणाला धरलं नाही, बाजूला झाला, आणि त्याच्या मागचा फेकणारा आडवा झाला, खांदा धरून मैदानाबाहेर गेला. त्याची आईसुद्धा घरी बसून म्हणाली असेल, नाव नाही आलं ना, मग झालं तर. तिच्यासाठी मला फार वाईट वाटलं. खरंच सांगते.

रेजिसला गॅरेजमध्ये जाऊन सांगितलं. बराच वेळ हातातला पाना पुसत राहिला. मग म्हणाला, "चांगला." आणि पाठ फिरवली. मीही मग तिथे थांबले नाही.

आता हे सगळं बर्नडीनला सांगितल्याशिवाय राहवेल का? सांगितलं. चूक झाली. "बघ," म्हणते, "नाव आलं म्हणूनच राहिला. साखळी थांबवायला निघाली होतीस." आणि मग बाईंनी काय केलं, तर अख्ख्या हंगामाचं पक्कं करून टाकलं. दर सामन्याला साखळी. प्रत्येक सामन्यात नाव आलंच पाहिजे. दर सामन्यात पोरानं कुणाचा तरी शर्ट धरावा म्हणून चोवीस सज्जन बायका माळ ओढणार. कोच एकदा खिशातून देतील हो. हंगामात सामने सतरा, सतरा वेळा कसे देतील?

मग मी काय केलं? काय करणार, मीही साखळीत नाव घातलं. फक्त एक विनंती केली, माझा नंबर सगळ्यात शेवटी ठेवा. बर्नडीनला वाटलं, विनय आहे. तर आता सामन्याच्या दिवशी तो फोन गावभर फिरून माझ्याकडे येऊन थांबतो, आणि मी स्वयंपाकघराचं दार लावून, हात जोडून म्हणते, देवा, आधीच्या चोवीस जणींचं फार मनावर घेऊ नकोस. आणि तो पाय तेवढा लवकर पडू दे.

नंतर बर्नडीन विचारतेच, "प्रार्थना केलीस ना गं?"

केली म्हणते. दुसरं काय म्हणू?