‘मुक्या’ या शब्दावरची लाल काट

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आमच्या छापखान्याचे मालक, पुढच्या रांगेत बसलेले पाहुणे, जुळणी आणि बांधणी खात्यातली मंडळी, आणि ज्यांच्या सत्कारासाठी आपण जमलो त्या आमच्या मुद्रितशोधक ताई, सर्वांना या मशीनमनचा नमस्कार. ताईंच्या शेजारी त्यांची लेक माझं बोलणं त्यांना खुणांच्या भाषेत सांगते आहे. बाळ, मालकांच्या चेहऱ्याकडे बघून काही गाळू नकोस.

ताईंना ऐकू येत नाही. गोष्ट एवढीच. पण तेवढ्यासाठी आपण त्यांना किती नावं दिली! बांधणीत ‘मुकीबाई’, यंत्रावर ‘ठार बहिरी’, गिऱ्हाइकांसमोर ‘ती बिचारी’. हजेरीपटावर तर ‘मुकी-बहिरी, एक नग’. यातला ‘नग’ माझा नव्हे हं, कार्यालयाचा.

अकरा वर्षं त्यांनी हे सोसलं. मग एका शाळेचं माहितीपत्रक छपाईला आलं. ऐकू न येणाऱ्या मुलांची शाळा. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत, ‘मुक्या-बहिऱ्या दुर्दैवी बालकांसाठी’. ताईंनी ‘मुक्या’वर लाल काट मारली, ‘दुर्दैवी’वर मारली, समासात लिहिलं, ‘वस्तुस्थितीची चूक’, आणि छापायला परवानगीची सही करेनात. यंत्र थांबलं.

मालक तरातरा खाली आले. “बाई, तुमचं काम वेलांट्या-उकार बघायचं! शब्द गिऱ्हाइकाचे. सही करा, नाहीतर घरी जा!”

हे ते ओरडून म्हणाले. ज्याला ऐकू येत नाही त्याच्यावर ओरडून काय साधतं, हे अध्यक्षीय भाषणात कळलं तर बरं होईल.

ताईंनी त्यांचे ओठ वाचले. पेन टेबलावर ठेवलं. आणि म्हणाल्या, “मी मुकी नाही.”

जाडसर, घोगरा, मध्येच वर चढणारा आवाज. शब्द तीन, तिन्ही शुद्ध. पिशवी उचलून त्या चालत्या झाल्या.

पुढचे चार दिवस मुद्रितं मी तपासली. एका डॉक्टरांच्या पत्रकात ‘दोन गोळ्यांत रुग्णास आराम’ होतं. त्यातला ‘आ’ माझ्या नजरेतून निसटला. ‘दोन गोळ्यांत रुग्णास राम’, पाच हजार प्रती, गावभर!

पाचव्या दिवशी शाळेच्या मुख्याध्यापिका आल्या. लाल काट मारलेलं पान त्यांनी उभ्यानेच वाचलं. “कुणी केलं हे? वीस वर्षं आम्ही हेच छापतोय, आणि एकालाही खटकलं नाही. आमच्या मुलांशी त्यांची भेट घडवाल का?”

मालक स्वतः ताईंच्या घरी गेले. माफी मागायला, असं ते सांगतात. ते डॉक्टर छापखान्याच्या दारात येऊन बसले होते म्हणून, असं मी सांगतो. पण ताई आल्या, आणि माहितीपत्रक निघालं, ‘कर्णबधिर मुलांसाठी’. बस, एवढंच.

त्यानंतर मात्र त्या छापखान्यात कधी बोलल्या नाहीत. त्याआधीची अकरा वर्षंही बोलल्या नव्हत्या. का?

आत्ता मालकांनी मानपत्र वाचलं, ‘नियतीने जिची वाणी हिरावली’. मालक, नियतीला कशाला मध्ये ओढता? रुजू झाल्या त्या सकाळी ताई मोठ्याने ‘नमस्कार’ म्हणाल्या होत्या. यंत्राआडून एकाने त्या आवाजाची नक्कल केली. सगळे पोट धरून हसले. ताईंना ते हसू ऐकू आलं नाही, दिसलं. नक्कल करणारा मी. आधी त्यांचं तोंड मिटवलं, आणि मग ‘मुकी’ म्हणायलाही मीच पुढे.

काल ताईंनी माझ्या हातात चिठ्ठी दिली, ‘उद्या मी बोलणार आहे. आवाजाने.’ तेव्हा ज्यांना हसू आवरणार नाही, त्यांच्यासाठी मागचं दार उघडं आहे.

इतका वेळ ऐकून घेतलंत, आभारी आहे. कुणाला लागेल असं बोललो असेन, तर मोठ्या मनाने सोडून द्या. ताई, तुम्ही मात्र मला इतक्या स्वस्तात सोडू नका. या, माईक तुमचा.