शेवटच्या कडव्यातलं नाव

बसा ना पाळकसाहेब, असं उंबऱ्यात उभं राहून कुठं भजनाचं बोलणं होतंय व्हय? — च्या घ्या, शेळीनं दूध दिलंय आज — हां, तर काय म्हणत होता तुमी? केजचा दुकानदार कॅसेट भरायला तयार हाय, घरोघरी टेपा झाल्यात, नाताळाला गावोगाव आपलं भजन वाजल — फकस्त शेवटच्या कडव्यातलं एक नाव काढायचं. एकच! भातातला खडा काढावा तसं.

आता बघा, अभंग म्हणला की शेवटी रचणाऱ्याचं नाव आलंच. ती रीतच हाय, देवळातल्या भजनात बी अन् आपल्या ख्रिस्ती भजनात बी. 'धोंडीराम बंकट दोघे, येशू तुझ्या दारी' — ह्यातला धोंडीराम तुमाला चालतो. तमाशाच्या फडात लुगडं नेसून नाचलेला, आज बी चालताना कंबर लचकती म्हणून पोरं ज्याच्या मागं हसायलेत, तो मी चालतो — मान खाली कशाला घालता? मी उपासनेला आलो त्या पैल्या रविवारी तुमी बी हसलता की, मी बघितलं! राग न्हाई हो. अन् माझ्या मागं गुमान ढोलकी वाजवणारा बंकट तेवढा चालत न्हाई. कावून? ढोलकी तर त्याचीच लागती तुमाला.

काय म्हणता? बंकट माझा भाऊ हाय म्हणून सांगू? वा साहेब! रविवारी आमाला खोटं बोलू नका म्हणायचं, अन् सोमवारी सोताच खोटं घिऊन दारात यायचं — बसा, बसा, गंमत केली. खारी घ्या.

पर खरं सांगतो. फड सुटला, मी तापानं फणफणून पाटोद्याच्या स्टँडवर पडलतो. लोक वळसा घालून जायचे. बंकटनं उचललं. ह्याच घरात आणलं, पेज पाजली, अन् उशाशी बसून येशूचं भजन म्हणला — बेसूर, लई बेसूर! मला देव पैल्यांदा ऐकू आला तो त्या फाटक्या आवाजात. तवापासून एक चूल, एक ताट, एक — आता सगळंच कशाला वदवून घेता? तुमी तर इचारलं बी न्हाई. बोललो तर बोललो. जीव हाय माझा त्याच्यावर. रोज प्रार्थनेत सांगतो देवाला, त्यानं अजून एकदा बी मला हाकललं न्हाई.

च्या निवला की. बरं, तुमची अडचण कळती मला, दोन नावं मंडळीला जड जात्यात. मंग एकच ठिवा. धोंडीराम काढा — हां हां, माझंच! चाल मी नव्यानं बसवून देतो. कोण गातंय ते देवाला ठावं हाय, त्याला माझं नाव सांगायची गरज न्हाई. पर बंकटचं नाव निघालं तर मी गायला त्वांड उघडणार न्हाई. उठा आता, केजची जीप हॉर्न वाजवायली.