पांढऱ्या दोऱ्याचा लडा

नाही, मला एक सांगा, सगळं भाड्यानं मिळतं ना हो? टेबल मिळतं, त्यावरची खोटी फळं मिळतात, मागचा पडदा मिळतो, कुरियरवाला आणून देतो, दुसऱ्या दिवशी घेऊन जातो, अख्ख्या चुनचॉन शहरातली पोरं त्याच टेबलामागे बसून एक वर्षाची होतात, कुणाचं काही अडलंय? पण नाही. आमची लेक हेरिन म्हणते, "बाबा, ताओनच्या पहिल्या वाढदिवसाची सजावट घरी करायची. सगळी हातानं." हातानं म्हणजे कुणाच्या? तर माझ्या. का? तर मी रिटायर, रिकामा. मी काही बोललो नाही.

तुम्हाला सांगतो, कागदाची फुलं. आपला हांजी, हातानं बनवलेला कागद घ्यायचा, चुण्या पाडायच्या, मधोमध बांधायचं आणि एकेक पाकळी उलगडायची, फाडायची नाही. ही माझी बोटं बघा, जन्मभर बसचं स्टिअरिंग धरलेली. माझं पहिलं फूल हेरिननं उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, कोबी झालाय हो." तिची आई आतून म्हणते, "असू दे, किमची घालू." घ्या. मी काही बोललो नाही.

पण एकदा राहवलं नाही, विचारलंच. म्हटलं, अगं पोरी, नोकरी करतेस, पोर सांभाळतेस, वर हे कागद कापत बसतेस, कशाला जीव काढतेस? तर मान वर न करता म्हणाली, "बाबा, तो काचेच्या पेटीत होता तेव्हा त्याचं सगळं नर्सनी केलं, मशिननं केलं. मी भोकातून हात घालून त्याच्या पायाला एक बोट लावायचे. एवढं तरी माझ्या हातानं होऊ दे." लोक शंभराव्या दिवशी पोराला मिरवतात, आम्ही हॉस्पिटलच्या बाकावर बसून तांदळाच्या वड्या गिळल्या होत्या. मी गपचूप पुढचा कागद ओढला.

आता आमची ही, मलसुन. हिची तऱ्हा वेगळी. वाढदिवसाला पोरापुढे वस्तू मांडतात ना, पेन्सिल, नोटा, डॉक्टरची नळी, जे उचलेल ते नशीब. हिला नळी नको, नोटा नकोत. हिला पाहिजे दोरा. पांढऱ्या दोऱ्याचा लडा, तो उचलला की पोर म्हातारं होईस्तोवर जगतं. ताओनला पेटीतून बाहेर काढलं त्याच दिवशी हिनं बाजारातून आणलेला, वर्षभर रेशमी फडक्यात जपलेला. आठवडाभर रोज त्याच्यापुढे हलवायची, "घे रे माझ्या राजा, हे घे." मला विचारायचं होतं, नातवाला खेळवतेयस की मांजराला? पण मी काही बोललो नाही.

आणि आदल्या दिवशी हेरिन ऑफिसला जाताना म्हणाली, "बाबा, फुलं ओवून ठेवा, पांढरा दोरा टेबलावर आहे." टेबलावर पांढरा दोरा होता. आता मला काय स्वप्न पडलंय, की तिचं रीळ फळांच्या टोपलीमागे आहे आणि समोर आहे तो हिनं ऊन दाखवायला काढलेला लडा? कापला की मी. कचाकचा. माळा अशा झकास झाल्या, खिडकीला लावून लांबून बघत होतो, तेवढ्यात ही आली. "अहो, माझा लडा कुठं दिसला का?"

अहो, वाढदिवसाच्या शेवयासुद्धा आम्ही तोडून खात नाही, आयुष्य तुटतं म्हणून. आणि मी त्या पोराचा... ज्याला आम्ही कसाबसा घरी आणला, त्याचा... नवा आणता आला असता, हो. पण त्या दिवसाचा कुठून आणू? माळा उचलल्या, संडासात गेलो, कडी लावली, झाकणावर बसून फुलं सोडवली आणि दोऱ्याला दोरा बांधत बसलो. बाहेरून ही, "अहो, पोट बिघडलंय का?" म्हटलं, हो. "खूप?" खूप. दुपारी पेज. रात्री पेज. माळा ओवल्या माझ्या मासेमारीच्या नायलॉनच्या तंगुसात, लडा फडक्यात गेला, आणि मी काही बोललो नाही.

वाढदिवसाला ताओनला मधे सोडला. नळीकडे गेला, थांबला. पेन्सिल चाटून टाकून दिली. मग दोऱ्यावर हात टाकला, आणि गाठींत त्याची बोटं अशी अडकली की सुटेनात. तोही सोडेना. लोकांनी टाळ्या वाजवल्या, हेरिन हसत होती आणि डोळे पुसत होती, ही तर उघड रडली. मीही... असो, कागदाची धूळ फार होती.

पाहुणे पांगल्यावर ही लडा परत फडक्यात बांधायला बसली. बोटांतून हळूहळू फिरवला. एका गाठीवर थांबली, दुसरीवर थांबली. ओढून पाहिली. म्हणाली, "पक्क्या आहेत. तंगुसाला गळ बांधायची ही गाठ या घरात एकच माणूस मारतो." मी खिडकीबाहेर बघितलं. तिनं फडकं बांधलं, कपाटात ठेवलं, आणि स्वयंपाकघरात गेली. टेबलावर सगळ्यांना भाजलेल्या बरगड्या, सागरी शेवाळाचं सूप, शेवया. माझ्यापुढे वाडगा ठेवला. "अजून जपायला हवं तुमच्या पोटाला," म्हणाली.

पेज होती. खाल्ली. मी काही बोललो नाही.