अब्बांसाठी केलेला एक्स्पोर्ट

लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो मी, पण अर्धवट काम एकदाच दिलं बघ. जिच्या लग्नाचा व्हिडिओ होता ती नसरीन माझ्या स्टुडिओत शेजारी उभी होती. तिच्या लग्नात तिचे अब्बा दवाखान्यात होते, आणि आता ऑपरेशनला जायच्या आधी त्यांना ते लग्न बघायचं होतं. मी फोर-के, म्हणजे सगळ्यात साफ चित्र, निवडून बसलेलो. व्हिडिओ तयार व्हायला स्क्रीनवर अजून पाऊण तास दाखवत होतं.

"दादा, स्ट्रेचर आलंय," दवाखान्यातून आलेला भावाचा फोन ठेवत ती म्हणाली.

मी एक्स्पोर्ट रद्द केला. ती सासरी निघतानाचा तेवढा तुकडा घेतला, सगळ्यात कमी रिझोल्यूशन लावलं आणि दवाखान्यात तिच्या भावाला पाठवला. चित्र पार धूसर होतं.

भावाचा फोन आला. "अब्बांनी बघितलं. म्हणाले, लई साफ दिसतंय की, आता न्या मला."

संध्याकाळी शुद्धीवर आल्यावर ते पहिलं बोलले, "परत लाव."