एक अख्खा देह

कोल्हापूर स्टँडवर पुण्याच्या गाडीच्या रांगेत माझ्यापुढं हुपरीचे बाप-लेक उभे होते. लेक सरड्यांच्या अभ्यासासाठी अंदमानला परत निघालेली.

“रोहिणी, तो सरडा धरून मारणार हाईस?”

“अण्णा, हळू बोला. लोक बघायल्यात.”

“बघू द्यात. मुंगीवर पाय पडू नये म्हणून जपणारं घर आपलं.”

“झाडावरचा हा सरडा नव्या जातीचा हाय, असं आम्हाला वाटतंय. नाव मिळालं न्हाय, तर सरकारदरबारी तो न्हाईच. आणि त्या बेटावरचं जंगल तोडायला निघालेत.”

“मग फोटो काढ की.”

“काढलेत.”

“शेपटीचा तुकडा घे. शेपटी परत येती.”

“तेबी केलं. तपासणीत वेगळा निघाला. पण नाव द्यायचं तर एक अख्खा देह जपून ठेवावा लागतोय, पुढं कुणालाबी ताडून बघता यावा म्हणून.”

“एक जीव घेऊन बाकीचे वाचवायचे?”

“वाचतील का, तेबी माहीत न्हाय मला.”

“मग दुसऱ्या कुणाला तरी सांग मारायला.”

“म्हणजे माझे हात स्वच्छ? न्हाय अण्णा. करायचं तर मीच करणार.”

अण्णांनी खाली ठेवलेली तिची बॅग उचलली.

“गाडी लागली. बॅग द्या इकडं.”

“राहू दे, मी चढवतो. ज्या दिवशी करशील, त्या दिवशी सकाळी फोन कर.”

“अडवायला?”

“न्हाय. त्या दिवशी मी उपास धरणार.”

“त्या सरड्यासाठी?”

“दोघांसाठी.”